जांभळी खिडकी

जानेवारीच्या अकरा तारखेला
आर्मासने फ्रिजवर आईस्क्रीमची डबी ठेवली.
झाकणाला सुईने पाडलेली भोकं,
आत ओला टिश्यू, आणि त्यावर
निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या पोरांनी गमतीत दिलेल्या
मिरचीच्या नऊ बिया,
चपट्या, फिकट, कापलेल्या नखांसारख्या.

बाहेर उणे एकतीस.
केमियार्वीचा तलाव इतका गोठलेला
की त्यावरून ट्रक जातात.
सूर्य दुपारी येतो, टेकडीला हात लावतो
आणि निघतो, हजेरी लावल्यासारखा.

अडतीस वर्षं त्याने रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारला,
पहाटे तीनला उठून.
मागे वळून पाहिलं की रस्ता पुन्हा पांढरा.
अशा माणसाला वाट बघायला काय शिकवायचं?
तरी रोज, कॉफीच्याही आधी,
तो स्टुलावर चढून झाकण उघडायचा.
थर्मामीटर बघायचा. सत्तावीस.
हुंगायचा. पुन्हा बंद.

सातवा दिवस, काही नाही.
बाराव्या दिवशी एका बीला बुरशी.
एकोणिसाव्या दिवशी एक पांढरं शेपूट,
इतकं बारीक की आधी वाटलं
आपल्याच भुवईचा केस पडलाय.

नऊपैकी चार उगवल्या.
त्यातली एक टरफल डोक्यावर घेऊनच वर आली,
टोपी काही निघेना.
त्याने बोटाला थुंकी लावून ती भिजवली,
श्वास रोखला, चिमट्याने ओढली.
रस्त्यावर पडलेलं रेनडिअरचं पाडस उचलतानाही
हात इतके कापले नव्हते.

मग दुधाच्या कापलेल्या खोक्यांत चौघी,
वर जांभळा दिवा, दिवसाचे चौदा तास.
रस्त्यावरून बघावं तर
सगळ्या काळोख्या इमारतीत एकच खिडकी
जांभळासारखी पिकलेली.

समोरच्या ओनेर्वाबाईंना ते बघवेना.
त्यांनी फोन केला.
पोलीस आला, कोवळा, यालमारी नावाचा.
बूट दाराशी काढले, एका मोज्यातून अंगठा बाहेर.
"तक्रार आहे. तुम्ही काही... पिकवता?"
"पिकवतो. बघा."
यालमारीने वाकून पाहिलं. मोबाईलमध्ये पाहिलं. पुन्हा वाकला.
"ही कलली आहे."
"दिव्याकडे जाते ती. रोज फिरवावी लागते."
निघताना त्याच्या कोटाच्या आत, छातीशी,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक खोकं होतं.
अहवालात त्याने लिहिलं: भाजी.

एप्रिलात मावा पडला. साबणाचं पाणी, जुना ब्रश.
मेमध्ये फुलं, पांढरी, मान खाली घातलेली.
खिडक्या बंद, मधमाशी एकही नाही.
मग हाच मधमाशी झाला,
कानातल्या कापसाच्या काडीने
या फुलातून त्या फुलात,
आणि घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून
हळूच गुणगुणलाही.

जूनमध्ये बाल्कनी, आधी तासभर, मग दोन.
रात्र होतच नव्हती.
झाडांना कळेना, निजायचं केव्हा.

ऑगस्ट सरताना एका पहाटे दव गोठू लागलं.
कुंड्या आत घेता घेता त्याची कंबर धरली.
तो बाल्कनीतच आडवा, आणि अजून दोन बाहेर.
दार वाजलं, उघडंच होतं.
गाऊनवर कोट, पायात रबरी बूट, ओनेर्वाबाई.
एक शब्द नाही. दोन फेऱ्यांत दोन कुंड्या आत.
"फोन मीच केला होता," त्या कुंडीला म्हणाल्या.
"माहीत आहे," तो जमिनीवरून म्हणाला.

ऑक्टोबर.
यालमारीचं झाड मेलं. मांजराने खाल्लं म्हणे.
इथे पानाआड एक, पहिली, लाल.
राईच्या पावावर लोणी, आणि सुरीने तिचे दोन तुकडे.
ओनेर्वाबाईंनी सगळाच तुकडा तोंडात टाकला,
जन्मात पहिल्यांदा.
नाकाला झोंबली, कानाला झोंबली,
डोळे तलाव. बोलता येईना.
तो दूध शोधत होता, तेवढ्यात खाली
मोसमातली पहिली बर्फगाडी घरघरत गेली,
चालवणारा कुणी दुसराच.
त्याने मान वळवली नाही.

सुरीच्या टोकाने तो कागदावर बिया खरवडत होता.
एक्केचाळीस.
ओनेर्वाबाईंनी नाक पुसलं,
आणि हात पुढे केला.